रुतलेलं प्रोटीन

८ जुलै, मंगळवार
अलिबागच्या पाटणकर डॉक्टरबाईंनी सांगितलं, रोज काय वाटतं ते वहीत लिहा. मला काही वाटत नाही. तरी बाई एवढ्या शिकलेल्या, मान राखावा म्हणून लिहितो. वही त्यांना दाखवणार नाही. पूनमलाही नाही. बायकोने नवऱ्याची वही वाचणं चांगलं नव्हे.

नोंद असावी म्हणून: दिनानाथ, वय ५१, मुक्काम थळ. तांडेल. चोवीस वर्षं सुकाणू ह्याच हातात. बोट ‘जय हरेश्वर’, स्वतःची. शिक्षण बारावी सायन्स, बायोलॉजीत बावन्न मार्क. आमच्या बंदरावर बायोलॉजीत बावन्न मार्क असलेला दुसरा तांडेल दाखवा.

तक्रार एकच. जेटीवर गेलं की छातीत गाठ बसते, हात बधिर होतात, श्वास पुरत नाही. ईसीजी दोनदा काढला. दोन्ही नॉर्मल. म्हणजे हार्ट उत्तम. बाईंचं म्हणणं, हा भीतीचा आजार आहे. मी हसलो. कोळ्याला दर्याची भीती! फेब्रुवारीत धुक्यात जे काही झालं त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी ते लिहून घेतलं.

गोळी दिली आहे. रोज एक, नाश्त्यानंतर. महिन्याच्या तीस. महिन्याने परत या म्हणाल्या. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील.

प्लॅन: मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. उद्यापासून चार आठवडे म्हणजे ६ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा ८ला. दोन दिवस शिल्लक राहतात. परफेक्ट.

९ जुलै
गोळी घेतली नाही. आधी मोबाईलवर तिचं नाव टाकून साइड इफेक्ट वाचले. एकोणतीस आहेत. दुपारपर्यंत त्यातले अकरा मला झाले. गोळी अजून पाकिटात आहे. पाकिटात राहून एवढं करते, पोटात गेल्यावर काय करेल? अभ्यास केल्याशिवाय घेणं बेजबाबदारपणाचं.

११ जुलै, शुक्रवार
मनाली हॉस्टेलवरून आली. मुलगी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला. योगायोग असा की तिच्या सेमिनारचा विषयच हा: पेशीतली प्रोटीनं डिप्रेशनच्या गोळ्यांचं काम कसं ठरवतात. मी म्हटलं, मला डिप्रेशन नाही. ती म्हणाली, हीच गोळी भीतीच्या आजारालाही देतात. मी म्हटलं, मला भीतीपण नाही. मग म्हणाली, पप्पा, ऐकून तर घ्या.

मेंदूत दोन पेशींच्या मध्ये बारीकशी खाडी असते. अलीकडची पेशी सेरोटोनिन सोडते, पलीकडची घेते. उरलेला माल परत आत ओढायला अलीकडच्या दारात एक प्रोटीन बसलेलं असतं. गोळी जाऊन त्याच प्रोटीनला अडवते. ओढणं थांबतं, सेरोटोनिन खाडीत जास्त वेळ राहतं. हे सगळं काही तासांत होतं.

मी लगेच धरलं. तासांत होतं तर गुण यायला आठवडे का? मनाली म्हणाली, पप्पा, सगळे शास्त्रज्ञ हेच विचारतायत. पूनमला हाक मारून मुद्दाम परत सांगायला लावलं. पूनम मांदेली साफ करत होती. शास्त्रज्ञांना म्हणावं आधी गोळी घ्या, म्हणाली, आणि आत गेली.

१२ जुलै, शनिवार
८.२० गोळी घेतली.
८.३५ जेटीवर जाऊन टेस्ट केली. छातीत गाठ. हात बधिर. बर्फाच्या गाडीला धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं बर्फाचा भाव विचारतोय.
निष्कर्ष: पंधरा मिनिटं कमी पडतात.

१७ जुलै, गुरुवार
मोठा शोध. तारीख लक्षात ठेवावी अशी.

मनालीने फोनवर पुढचा भाग सांगितला. पेशीच्या भिंतीला आतून जी-प्रोटीन म्हणून एक असतं. बाहेरचा निरोप आत पोचवायचं काम त्याचं. भिंतीत मधे मधे चरबीचे घट्ट पट्टे असतात, तिथे हे प्रोटीन अडकून पडलं की निरोप पोचत नाही. गोळी त्या चरबीत रोज थोडी थोडी साठते आणि प्रोटीन सावकाश सुटतं. त्याला आठवडे लागतात. हे सगळं अजून पक्कं झालेलं नाही, असंही ती काहीतरी म्हणत होती, पण तेव्हा रेंज गेली.

मी फोन ठेवला आणि ओट्यावरच बसलो. अहो, ही तर ओहोटीला चिखलात रुतलेली होडी! दहा माणसं लावून ढकला, निघत नाही. पाणी यावं लागतं. आणि पाणी येतं कधी? अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणाला. सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी, मेलेलं. त्या दिवसांत डोल जाळं टाकलं तर त्यात कचरासुद्धा येत नाही, म्हणून आम्ही टाकतच नाही. माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, हे तर बारावीच्या पुस्तकात आहे. मग भांगाच्या दिवसांत गोळी घालून करायचं काय? जाळं फुकट भिजवायचं?

निर्णय: गोळी फक्त उधाणात. भांगात सुट्टी. पौर्णिमेनंतरच्या चार घेऊन झाल्या, कालपासून आपसूकच घेतली नव्हती. रक्तातच आहे हे ज्ञान.

मनालीला सध्या सांगणार नाही. सेमिनारमध्ये स्वतःच्या नावावर खपवेल.

२४ जुलै, अमावास्या
गोळी सुरू. नियमित. घरात बसल्यावर भीती अजिबात वाटत नाही. अर्धं प्रोटीन सुटलं असावं.

हिरामण आला होता. अकरा वर्षं माझ्या बोटीवर खलाशी, सुकाणूला माझ्या खालोखाल तोच. इंजिनाचं काम झालं, जाळी शिवून झाली, नाखवा एकदा येऊन बघा म्हणाला. (नाखवा म्हणजे बोटीचा मालक, म्हणजे मी.) मी त्याला जी-प्रोटीन समजावून सांगितलं. अर्धा तास. शेवटी त्याने विचारलं, ते कोळंबीत जास्त असतं की बोंबलात. अशा लोकांत आयुष्य गेलं माझं.

बोट बघायला गेलो नाही. अभ्यास होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार
बंदी उठली. पहाटेपासून बोटी निघाल्या. इंजिनांचा आवाज घरात येतो म्हणून खिडक्या लावल्या. लावून घेतल्यावरही हात बधिर. बाथरूममध्ये आवाज कमी येतो. तिथे पाऊण तास होतो. पोट बिघडलं असं सांगितलं.

आपली भूमिका पक्की: दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट काढायची नाही. बापजाद्यांचा नियम. पूनमने आठवण करून दिली की मागच्या वर्षी पहिल्या ऑगस्टला सगळ्यात आधी मीच गेलो होतो आणि नारळाचं विचारणाऱ्याला अडाणी म्हणालो होतो. बायकांना नको त्या गोष्टी बऱ्या लक्षात राहतात.

शिवाय आज भांग. प्रोटीन जागचं हलणार नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा
पूजा झाली. सगळे बोटींत बसून नारळ सोडायला निघाले. मी म्हटलं, पुढे व्हा, सोवळं बदलून आलोच. सोवळं बदलायला मला साडेतीन तास लागले. संध्याकाळी सहाला जेटीवर पोचलो. पौर्णिमेला सहाला पूर्ण ओहोटी असते, हे थळमधल्या कोंबड्यांनाही माहीत आहे.

जेटीवरूनच फेकला. सोनेरी कागद लावलेला नारळ चिखलात जाऊन बसला. थप्प असा आवाज आला. हिरामण गुडघाभर चिखलात उतरला, नारळ उचलून पाण्यापर्यंत चालत गेला आणि माझ्या वतीने सोडून आला. परत येताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

दर्याला पोचला, हे महत्त्वाचं. मार्ग कुठला का असेना.

आज टेन्शनमध्ये गोळी राहिली. एकाने काही होत नाही.

डॉक्टरबाईंकडे महिना झाला म्हणून जायचं होतं. अभ्यास अर्धवट असताना त्यांचा वेळ घेणं बरं दिसत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार
हिरामण आणि कान्हा दोघे आले. कान्हा म्हणजे आमचा दुसरा खलाशी, बोटीवर स्वयंपाकही तोच करतो. बाहेर ओट्यावरच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. तेव्हाच कळलं. आमच्याच बंदरावरच्या केतनने नवी बोट घेतली आहे आणि दोघांना बोलावलं आहे. कान्हा परवापासून जातोय. हिरामण म्हणाला, गणपतीपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे त्यालाही घर आहे.

मी त्यांना मेंदूच्या दारावरच्या पंपाचं सांगितलं. परवाच वाचलं. रक्तातून मेंदूत शिरताना एक प्रोटीन पहारा देत असतं आणि नको ते औषध बाहेर फेकतं, बंदराच्या गेटवरच्या सिक्युरिटीसारखं. काही लोकांत ते फारच कडक असतं. बहुधा माझं तसं आहे. म्हणजे दोष माझा नाही, सिक्युरिटीचा आहे. कान्हा जमिनीकडे बघत बसला होता. फेब्रुवारीत पाण्यात पडला होता तो हाच.

ते गेल्यावर पूनम ओट्यावरच बसून राहिली. मला वाटतं ती घाबरली आहे. तिला धीर द्यायला हवा.

१९ ऑगस्ट, मंगळवार
चार दिवस वादळी पाऊस, बोटी बंद. हवामान खात्याचा इशारा दर तासाला वाचतो. आज सकाळी इतकं मोकळं वाटलं, दोन घावणे जास्त खाल्ले. सगळं बंदर घरी बसलंय आणि मी त्यांच्यातला एक. सहा महिन्यांत असं वाटलं नव्हतं.

प्रोटीन सुटायला लागलं असणार. गोळ्या भांगामुळे बंद होत्या, पण परिणाम मागाहून येतो असं मनाली म्हणाली होती.

२४ ऑगस्ट, रविवार
काल अमावास्या, मोठं उधाण. २१पासून रोज एक चालू होती. आज विचार केला, पाणी जास्त तर जोर पण जास्त लावावा. दोन घेतल्या.

११.०० मळमळ.
११.४० घाम. हात थरथरतायत. अक्षर बघा.
१२.१५ मी मरणार. पूनमला सांगितलं नाही. विम्याचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत. विनेशला फोन लावला, मुलाचा आवाज ऐकावा म्हणून. त्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं गणपतीला येतोस ना. फोन ठेवला आणि रडलो.
४.०० मेलो नाही.

गोळी पूर्ण बंद. काय आहे हे विष. पुन्हा हात लावणार नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
काल गणपती बसले. विनेश आला. वय तेवीस, उरणला कंटेनर यार्डात सुपरवायझर. बुटात पाय घालून नोकरी करणारा आमच्या घरातला पहिला माणूस. त्याला दर्यावर न्यायचं नाही हे मी तो जन्मला तेव्हाच ठरवलं होतं. माझे वडील गेले ते पाण्यातच गेले. तेवढं पुरे.

आरती झाल्यावर तो म्हणाला, गौरी गेल्या की नोकरी सोडतो. बोट मी काढतो. मला वाटलं मस्करी करतोय. मग तो म्हणाला, “पप्पा, तुम्ही नाय तर मी. बोट कुजवायची नाय.”

पूनमकडे बघितलं. ती निरांजन पुसत होती. तिला आधीच माहीत होतं.

रात्रभर गणपतीसमोर बसून राहिलो. जागरण म्हणून सांगितलं.

३ सप्टेंबर, बुधवार
काल गौरी-गणपती गेले. विनेशचा राजीनामा झाला नाही, सुट्टी वाढवून घेतली आहे. आधी एक खेप करून बघतो म्हणाला. हिरामण बरोबर जाणार. सोमवार, ८ तारीख, पौर्णिमेनंतरचं उधाण.

मी त्याची परीक्षा घेतली. सहज, चहा पिता पिता. खांदेरीच्या दीपस्तंभाला कुठल्या अंगाने वळायचं? त्याने सांगितलं ते चूक. त्या बाजूला पाण्याखाली खडक आहे. ओहोटीला मोठ्या बोटींची फळी फोडतो. मी म्हटलं हे तुला माहीत नाही. तो म्हणाला, हिरामणकाकाला माहीत आहे. आणि मोठ्या जहाजांचा चॅनेल? हिरामणकाकाला माहीत आहे. आणि धुकं आलं तर? तो म्हणाला, तेव्हा तुम्ही काय केलंत पप्पा?

मी त्याला जी-प्रोटीन समजावून सांगितलं. चरबीचे पट्टे, निरोप, रुतणं, सगळं. कधी नव्हे एवढं स्पष्ट. माझं प्रोटीन एकदा सुटलं की मीच बोट काढणार, तेव्हा तू जायचं कारणच नाही, असं त्याला सायंटिफिक पटवून दिलं. मान वर केली तेव्हा तो जाळ्यावर डोकं ठेवून झोपला होता.

७ सप्टेंबर, रविवार
ठाम निर्णय. उद्या मी जाणार. विनेश घरी. पहाटे चारला उठायचं. प्रोटीन गेलं खड्ड्यात. तांडेल आहे मी.

विनेशला सांगितलं. त्याला इतकं बरं वाटलं, त्याने माझे गमबूट धुऊन दारात ठेवले.

८ सप्टेंबर, सोमवार
४.०० उठलो.
४.४० जेटी. फळीवरून बोटीत एकच पाऊल. हिरामणने हात पुढे केला. मी हात दिला नाही. हात नव्हताच, बधिर होता. छाती फुटते की काय. मी म्हटलं, बॅटरी घरी राहिली, आणतो.
४.५५ घरी. बॅटरी खिशातच होती.
५.१० इंजिनाचा आवाज. विनेश माझे बूट घालून गेला.

६.०० खिडकी उघडी ठेवली आहे. आज बंद करणार नाही. आवाज ऐकू येत नाही आता, हेच जास्त वाईट.

७.३० पूनमने चहा ठेवला, मी घेतला नाही.

८.१५ लिहितो. कोणी वाचणार नाही.
फेब्रुवारीत सकाळी सातला खांदेरीच्या पुढे धुकं उतरलं. समोर काही दिसत नव्हतं. जहाजाचा भोंगा झाला. कुठून आला कळलं नाही. मग डाव्या हाताला धुक्यातून नुसतं लोखंड वर वर जाताना दिसलं. बोट तिरकी झाली, कान्हा पाण्यात गेला. आणि मी सुकाणू सोडलं. वळवलं नाही, काही नाही. सोडलं आणि खाली बसून डोलकाठीला मिठी मारली. हिरामणने उडी मारून सुकाणू धरलं, हिरामणने बोट फिरवली, हिरामणने कान्हाला केसाला धरून वर ओढला. मी काठी सोडत नव्हतो. जेटीवर आल्यावर माझी बोटं त्या दोघांनी एक एक करून सोडवली. बंदरावर कोणाला काही बोलले नाहीत. आजपर्यंत नाहीत.
मला भीती वाटते. खूप भीती वाटते. आणि मी माझ्या पोराला तिथेच पाठवलं.

९.०० आकाश स्वच्छ. धुकं नाही. तरी.
१०.२० जेटीवर गेलो. बर्फाच्या गाडीशी उभा राहिलो. गाठ बसली, हात गेले, तरी उभाच राहिलो. घरी बसणं त्याच्याहून कठीण होतं.
१.४० ‘जय हरेश्वर’ आली. मोजली, माणसं तेवढीच होती.

विनेश उतरला आणि जेटीच्या कडेला जाऊन ओकला. मासळी बरी होती, बोंबील आणि जवळा. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. हिरामण म्हणाला, चॅनेलमधून मोठं जहाज गेलं, लांबून गेलं, काही झालं नाही. पण तेव्हापासून पोरगं असंच आहे. मी विनेशच्या बाजूला खाली बसलो. त्याचे दात वाजत होते, सप्टेंबरच्या उन्हात. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं:

“पप्पा, तुम्हाला पन असंच व्हायचं काय?”

मला एवढं प्रोटीन माहीत आहे. त्यातलं एक अक्षर काढलं नाही. मी हो म्हटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
पाटणकरबाईंकडे. विनेश बरोबर. मनाली फोनवर.

बाईंनी विचारलं, गोळी रोज घेता ना. मी उधाण-भांगाची थिअरी मांडली. पूर्ण, आकृतीसकट. त्यांनी मधे तोडलं नाही. फोनमधून मनालीचा आवाज आला, पप्पा हे काय. बाई म्हणाल्या, छान विचार केलात, आता किती गोळ्या घेतल्या ते सांगा. पाकीट खिशात होतं. नऊ उरल्या होत्या. विनेश बघत होता. सगळ्या म्हणणार होतो.

“एकवीस,” मी म्हटलं. “एकोणसाठ दिवसांत. एकदा दोन एकदम.”

दोन एकदम ऐकून त्या पहिल्यांदा रागावल्या. मग समजावलं. पेशीत दर्या नाही, अमावास्या नाही. औषध रक्तात रोज सारखं राहिलं तर कुठे ते प्रोटीनपर्यंत पोचून टिकतं. मी आठवडाभर थोडं सोडवत होतो आणि पुढचा आठवडा परत रुतवत होतो. दोन महिने हेच केलं. आणि रुतलेलं सुटतं ते असंच, हेही अजून शंभर टक्के सिद्ध नाही म्हणाल्या. ज्या भागाला रेंज नव्हती तो भाग.

विनेशने विचारलं, मलाही गोळी लागेल का. बाईंनी त्याला तपासलं, बरंच विचारलं. मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, “ह्याला झाली ती भीती. दोन दिवसांत जाईल. तुम्हाला आहे तो आजार. तो भीतीसारखा दिसतो, एवढंच.”

भीती नाही, आजार नाही: दोन महिने मी उलटं लिहितोय.

गोळी पहिल्यापासून, रोज. गुण येईपर्यंत घरी बसून राहायचं नाही. रोज जेटीवर जायचं. मग बांधलेल्या बोटीत नुसतं बसायचं. मग पुढचं.

१५ सप्टेंबर, सोमवार
भांग. गोळी घेतली. घेताना चुकल्यासारखं वाटलं, तरी घेतली.

बांधलेल्या बोटीत वीस मिनिटं. काठीला पाठ लावून. हात बधिर, गाठ होतीच.

विनेश उरणला कामावर परत. पूनमने आणि हिरामणने मिळून ठरवलं आहे: ह्या सीझनला ‘जय हरेश्वर’चा तांडेल हिरामण. मला विचारलं नाही, कळवलं. दोन नवे खलाशी मिळालेत. स्वयंपाकाला कोणी नाही, कान्हा केतनकडे रमला आहे. पूनम म्हणाली, विनेशलाच शनिवार-रविवार बोलवावं लागेल, तेवढा भात-कालवणाला.

माझ्या तोंडातून निघालं, “भात मी लावीन.”

हिरामण म्हणाला, नाखवा, बघा हां.

२२ सप्टेंबर, सोमवार
चौदावी गोळी, एकही न चुकवता. प्रोटीनचं काय झालंय माहीत नाही. मनालीला विचारलं, तीपण म्हणाली माहीत नाही.

पहाटे पाचला निघालो. मी आत स्टोव्हजवळ, खाली बसून. सुकाणू हिरामणच्या हातात. खांदेरीला वळलो तेव्हा सगळं जसंच्या तसं आलं. गाठ, हात, श्वास, मरण. कमी झालेलं नव्हतं. फरक एवढाच की तांदूळ स्टोव्हवर होते आणि चार माणसं जेवायची होती, त्यामुळे काठी धरता आली नाही. एक हात टोपाच्या कानाला होता. भात करपला. नव्या खलाशांपैकी एकाने तोंड वाकडं केलं, हिरामणने त्याच्याकडे बघितलं, मग त्याने खाल्ला.

एक जहाज गेलं. लांबून. मी टोपातच बघत होतो.

परत येताना हिरामणने मागे न वळता हाक मारली, “भंडारी, चहा.”

अकरा वर्षं तो मला नाखवा म्हणत आला. बोटीवर जेवण करणाऱ्याला भंडारी म्हणतात, दुसरं काय म्हणणार. मी कप भरून नेला. हात इतका कापत होता की अर्धा त्याच्या पायावर सांडला. उरलेला अर्धा तो प्यायला आणि म्हणाला, साखर कमी आहे.